लेन्स लाखाची, पण तलावात पाणी हवं ना!

हिवाळा सुरू झाला की मला हमखास विचारतात, "फ्लेमिंगोसाठी कोणता कॅमेरा घेऊ?" पक्ष्याचा डोळा जवळून टिपायचा असेल तर मोठी लेन्स लागते, खोटं कशाला बोलू? पण शिकायला आणि मजा घ्यायला खिशातला मोबाइल पुरतो.

भरतीत खाडीतला चिखल बुडाला की फ्लेमिंगो नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर येतात. म्हणून आधी भरतीची वेळ बघा, सकाळचं कोवळं ऊन गाठा, लांब शांत उभे राहा. गुलाबी थवा आणि मागे टॉवर, हा आपल्या नवी मुंबईचा फोटो मोबाइलवरही झकास येतो. ही नजर दुकानात विकत मिळत नाही.

आता महत्त्वाचं. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली, पण आपले हे तलाव त्या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. २०२४ मध्ये डीपीएस तलावात खाडीचं पाणी येणं अडलं आणि तलाव सुकला. अशा वेळी लाखाची लेन्स काय कामाची?

त्यामुळे मंडळी, तलाव कोरडा दिसला तर त्याचाही फोटो काढा, तारीख घाला आणि महापालिकेला टॅग करा. मोबाइलवर काढलेला असला तरी चालेल!