भाडे एक, आसने अनेक
राज्य परिवहनाची पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी ज्या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर)–पुणे मार्गावर धावली, त्या मार्गावरच्या नित्याच्या प्रवाशाला आजही भाडे आधी कळते, आसन मात्र गाडीत चढल्यावरच. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या चासीवर, म्हणजे इंजिन व चाके पेलणाऱ्या सांगाड्यावर, नवी बॉडी चढविण्याची रीत असल्याने बाहेरचा रंग गाडीचे खरे वय सांगत नाही. एकीत मोबाइल चार्जिंग चालते, तर दुसरीत पाठ कलविण्याची कळच जाग्यावर नसते. मुरलेला पासधारक (तक्रारवहीवर त्याचा फारसा भरवसा नसतो, आणि ते रास्तच) मागच्या चाकावरची जागा टाळतो व खडखडणाऱ्या काचेच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचून शिरूर येईपर्यंत झोप उरकून घेतो.