गादीची भूक

इचोड्याच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाया संध्याकाळी कंबर धरून बांधावर बसतात. त्यांची नातवंडं हैदराबादला दिवसभर खुर्चीत बसतात. कंबर तीही धरतात. "बसून काय दुखतं रे?" हा प्रश्न घरोघरी ठरलेला.

कंबरदुखीची कारणं अनेक. त्यातलं एक मणक्यांमधल्या गादीत, म्हणजे डिस्कमध्ये आहे. मोठ्या माणसाच्या डिस्कच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. तिथल्या पेशींना साखर आणि ऑक्सिजन शेजारच्या हाडातून पाझरत मिळतो. ऑक्सिजन तुटपुंजा, म्हणून पेशी बहुतांशी त्याच्याविनाच साखरेतून ऊर्जा काढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. ते बाहेर जायलाही तीच अरुंद वाट.

भाराने डिस्कमधलं पाणी दिवसभर पिळून निघतं, रात्री आडवं झालं की परत भरतं. (सकाळी उंची मोजा, सेंटीमीटरभर जास्त भरेल!) थोडा, बदलता भार पेशींना हवाच असतो, त्यावर त्या दुरुस्तीचं काम करतात. तासन्‌तास एकसारखा भार राहिला तर वाट आणखी आवळते, आम्ल साठतं, दुरुस्ती मागे पडते. खुर्चीतल्यांनी म्हणूनच अर्ध्या तासाने उठावं.

दिवाळीत कापसाचं गाठोडं उचलायला हाक तुम्हालाच येणार. जर्मनीत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका माणसाने २० किलो पाठ वाकवून उचलले, तेव्हा डिस्कमधला दाब नुसतं उभं राहण्याच्या चौपटीहून जास्त होता. गुडघे वाकवून उचलल्यावर तो पाव हिश्शाने उतरला.

वेचणाऱ्यांची मजुरी मात्र किलोवर, म्हणून त्या मधे उठत नाहीत. शेत तुमचं असेल तर त्यांना पाठ सरळ करायला वेळ द्या, आणि तो पैशातून कापू नका.