शेजारच्या खोलीतलं पुस्तक

हॉस्टेलवरची मुलं-मुली काही वाचत नाहीत, अशी तक्रार आपले सर-मॅडम नेहमी करतात. मला ती मुळीच मान्य नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी एकदा आमच्या विंगमध्ये चक्कर मारावी. एकीच्या उशीखाली 'मृत्युंजय' सापडेल, दुसरीच्या खिडकीत 'अग्निपंख', तिसरीच्या कपाटात हॅरी पॉटरचे सातही भाग. चौथीकडे 'रिच डॅड पुअर डॅड' असेल, त्यात पंचविसाव्या पानावर बसचं तिकीट खूण म्हणून घातलेलं. पुस्तकं आहेत आणि वाचणारेही आहेत. नाही ती फक्त बोलणी. रात्री एक वाजता सबमिशनची फाईल मागायला आपण कोणाचंही दार वाजवतो, पण "तू सध्या काय वाचतेस गं?" हा प्रश्न चार वर्षांत एकदाही विचारत नाही.

मग पुस्तकं आपल्याला सांगतं कोण? बहुतेकांना मोबाईल सांगतो. पुष्कळांनी घेतलेलं पुस्तक तो आणखी पुष्कळांना दाखवतो आणि त्यामुळे ते आणखी खपतं. म्हणून आपल्या सगळ्यांकडे फिरून फिरून तीच दहा पुस्तकं असतात: श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा बदलाव्यात, पहाटे पाचला कसं उठावं. ही पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पहाटेचं जमलं नाही तरी वाचायला बरं वाटतं! पण ही यादी करणाऱ्याला तुम्ही कुठून आलात, घरी कोणती भाषा बोलता, कोणता पेपर राहिला म्हणून रडत बसला आहात, यातलं काही माहीत नसतं. शेजारच्या खोलीतल्या मुलीला ते माहीत असतं. माझा मुद्दा एवढाच आहे.

मी दुसरबीडची. जुन्या मुंबई-नागपूर रस्त्यावर सिंदखेडराजा सोडलं की मेहकरच्या अलीकडे आमचं गाव लागतं. बुलडाणा जिल्हा म्हटलं की हॉस्टेलवर तीनच गोष्टी निघतात: जिजाऊंचं जन्मस्थान, लोणारचं सरोवर आणि शेगावची कचोरी. तिन्ही गोष्टींचा मला अभिमान आहे, कचोरीचा जरा जास्तच! पण याच जिल्ह्याने मराठीला दिलेल्या पुस्तकांचं नाव कोणी काढत नाही. त्यातली तीन इथे सांगते, कारण ती वाचकांपर्यंत कशी पोहोचली (किंवा पोहोचली नाहीत) त्यात आपल्यासाठी धडा आहे.

पहिलं, 'स्त्री पुरुष तुलना'. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लिहिलेलं हे छोटंसं पुस्तक १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. प्रती काढल्या पाचशे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. सुरतेच्या एका तरुण विधवेचा खटला १८८१ मध्ये गाजला आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्याच वागण्यावर ताशेरे सुरू झाले. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. सगळे दोष बायकांच्या माथी मारता, मग तुमचं काय, असा त्यांचा पुरुषांना रोकडा सवाल. तोही त्या काळात आणि बुलडाण्यासारख्या ठिकाणी बसून! त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. माझ्या लेखी पुस्तकाची शिफारस म्हणतात ती ही. एवढ्या मोठ्या माणसाने जाहीरपणे सांगितलं की ही बाई बरोबर बोलते आहे.

पण पुढे काय झालं? ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलेलं नाही आणि हे पुस्तकही लोकांच्या नजरेआड गेलं. डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं ते थेट १९७५ साली. मधली नव्वदहून जास्त वर्षं हिशेबात धरा. पुस्तकावर बंदी नव्हती, कोणी ते जाळलंही नव्हतं. एका वाचकाने दुसऱ्याला "हे वाच" म्हणायचं थांबलं, एवढ्याने पुस्तक नाहीसं होऊ शकतं. आज ते जगभर अभ्यासलं जातं, १९९४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. आणि बुलडाणा जिल्ह्यातली मी, ते मला हॉस्टेलवर एका सीनियर ताईने हातात दिलं तेव्हा कळलं. शाळेतल्या कोणत्याही धड्यात मला ते भेटलं नव्हतं.

दुसरं उदाहरण मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचं. त्यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी गायली आणि तिच्या ध्वनिमुद्रिकेमुळे घराघरांत गेली. 'शीळ' हा कवितासंग्रह मात्र आला १९५४ मध्ये. म्हणजे पुस्तक निघण्याच्या कितीतरी आधी कविता लोकांच्या ओठांवर होती. एका गायकाला ती आवडली, त्याने ती आपल्या गळ्यातून पुढे दिली. पुढे १९८६ साली 'खूणगाठी' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेहकरसारख्या गावात वकिली करणाऱ्या कवीला महाराष्ट्राने ओळखलं, त्यात या पुढे देण्याचा वाटा मोठा आहे.

तिसरं, सदानंद देशमुखांची 'बारोमास'. देशमुख चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. ही कादंबरी २००२ मध्ये आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. तिच्यातला एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला आहे. नोकरी मिळत नाही, कारण द्यायला पैसे नाहीत. शेती पिकत नाही. घरात रोज कुरबुर. कॅम्पसला बसून रिकाम्या हाताने परतलेल्या फायनल इयरच्या मुलाने ही कादंबरी वाचून बघावी. सवयी बदलण्याचे सात उपाय तिच्यात सापडणार नाहीत. पण आपल्याच बापाच्या कपाळावरच्या आठ्या कशाच्या आहेत, ते समजेल.

'बारोमास'बद्दल आणखी एक सांगायला हवं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी बोललं की दंड आणि वऱ्हाडी बोललं की हसू. घरी आजी जे बोलायची ते "गावठी", असं आम्हा मुलींच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मराठी वाचायला मला आजही इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. अशा मुलीने आजीची भाषा छापील पानावर बघितली, तीही अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीत, तर तिला काय वाटेल? कोणत्याही यादीने मला हे पुस्तक सुचवलं नसतं, कारण माझी सगळी खरेदी इंग्रजी. मेसमध्ये मी चुकून "कायले" म्हणाले, ते ऐकून एका मैत्रिणीने ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मोबाईल आणि माणूस यांतला फरक इथे दिसतो.

वाचकांनीच वाचक तयार करण्याचा हा उद्योग महाराष्ट्राला नवा नाही. दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी १९७५ मध्ये 'ग्रंथाली' ही वाचक चळवळ सुरू केली. दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) 'ग्रंथाली'ने काढलं. ज्यांच्या घरात पुस्तक कधी गेलं नव्हतं त्या माणसांचं जगणं वाचकांपुढे आलं. नाशिकच्या विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या साथीने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. कल्पना अगदी साधी. पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, ठरावीक दिवसांनी पेट्यांची अदलाबदल करायची. पैसा देणगीदारांचा, मेहनत वाचकांची. या पेट्या परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंतही गेल्या. महाबळेश्वरजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांनी घराच्या ओसरीवर पुस्तकांची कपाटं ठेवली. ओसरीवर चालतं ते हॉस्टेलच्या व्हरांड्यात का चालू नये?

आपल्या कॉलेजात वाचनाचं काम म्हणजे लायब्ररीचं काम, असं आपण धरून चालतो. लायब्ररीवर माझा राग नाही. पण तिथे आपण जातो ते बुक बँकेचे संच घ्यायला आणि परीक्षेआधी खुर्ची अडवायला. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय वाढत राहावं, असा त्यांचा आशय. थर्मोडायनॅमिक्सच्या नियमांपेक्षा नक्कीच सोपे! यातला तिसरा नियम मला सर्वांत अवघड वाटतो. वाचक पुस्तक शोधत येतो, पण पुस्तकाला वाचक कसा शोधता येणार? त्याला पाय नाहीत. त्याच्या वतीने कोणीतरी चालावं लागतं.

आता आक्षेप. पहिला, "वेळ कुठे आहे?" हा प्रश्न खरा आहे. सेशनल, प्रॅक्टिकल, ओरल, मग विंटर आणि समरच्या परीक्षा. पण महिन्याला दीडशे पानं म्हणजे रोजची पाच पानं. मेसच्या रांगेत तेवढी होतात. दुसरा, "सारांश ऐकला की झालं." जेवणाचा मेनू वाचून पोट भरत असेल तर हेही होईल. तिसरा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो: "कोणी सांगितलेलं पुस्तक आवडलंच नाही तर? मैत्रिणीला तोंडावर कसं सांगणार?" माझं म्हणणं, सांगावं. आवडलं नाही असं मोकळेपणाने म्हणता आलं तरच आवडलं या शब्दाला किंमत. वाचणाऱ्यांच्या गटात वाद व्हायलाच हवेत. सगळे एकसुरात "छान, छान" म्हणू लागले की समजावं, कोणीच वाचलेलं नाही.

शिफारस हा शब्द आपण नोकरीच्या वशिल्यासाठी वापरून वापरून खराब केला आहे. पुस्तकाची शिफारस करणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, उलट आपली प्रत जाण्याचा धोका असतो. तरीही ती नीट करण्याची एक रीत आहे. एका वेळी एकच पुस्तक सांगावं. शंभर पुस्तकांची यादी दिली की समोरचा एकही वाचत नाही, आपण विद्वान ठरतो एवढंच. ते कोणासाठी आहे हे सांगावं आणि कुठे कंटाळा येईल तेही लपवू नये. मुख्य म्हणजे स्वतःची प्रत हातात द्यावी. पीडीएफ पाठवणं सोपं आहे, पण मराठी पुस्तकाची आवृत्ती निघते हजार-पाचशेची. चोरून फिरवलेल्या पीडीएफमुळे दुसरी आवृत्ती निघाली नाही, तर ताराबाईंच्या पुस्तकासारखं आणखी एक पुस्तक आपल्याच हाताने गडप होईल.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो. तासभर सगळे पुस्तक धरून बसतात, फोटो निघतो. तो जरूर निघो. पण उरलेल्या ३६४ दिवसांसाठी माझी एक सूचना आहे. प्रत्येक विंगमध्ये टीव्हीशेजारी दोनशे पानी वही ठेवू. चार रकाने आखू: पुस्तकाचं नाव, कोणाला आवडेल, कुठे अडेल, आणि प्रत कोणत्या खोलीत मिळेल. भाषेची अट नको. मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, जे वाचाल ते. रेक्टर मॅडम, लॅबचे सर, मेसचे काका, गेटवरचे दादा, सगळ्यांनी त्यात लिहावं. रात्रपाळीला गेटवर बसून माणूस किती वाचतो, याची आपल्याला कल्पना नाही. यासाठी ना फंड लागतो, ना प्राचार्यांची सही.

पुस्तकं हरवतील, हे मला ठाऊक आहे. काही परत येतील ती चहाचे डाग घेऊन. हरकत नाही. कपाटात कोरं राहिलेल्या पुस्तकापेक्षा डाग पडलेलं पुस्तक केव्हाही बरं. आमच्या विंगची वही मी घेऊन ठेवली आहे आणि पहिल्या ओळीत 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं आहे. "मुलांनी आधी वाचावं" असा शेराही त्यापुढे आहे. दुसरी ओळ रिकामी आहे.