तिठ्यावरचा क्रोध

पु. ल. देशपांडे हे नाव उच्चारताच आधी हसू येते. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या या विनोदकाराने सोफोक्लीसचे सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचे ग्रीक शोकनाट्य ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले, हे मात्र आपल्या उपनगरांत फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

आपल्या हातून पित्याची हत्या होईल आणि मातेशी विवाह घडेल, अशी देववाणी ऐकून ओयदिपौस, ज्यांना तो आईवडील समजतो त्यांचे कॉरिंथ नगर सोडतो. वाटेत एका तिठ्यावर समोरून घोडागाडी येते. वाट कोणी द्यावी यावरून तंटा होतो. (एस. व्ही. रोडच्या सिग्नलवर हा तंटा आपण नित्य पाहतो.) सारथी ढकलतो, ओयदिपौस त्याला मारतो, गाडीतला वृद्ध त्याच्या मस्तकावर पराणी हाणतो आणि मग ओयदिपौसाची काठी फिरते. वृद्ध मरतो, सोबतच्यांपैकी एकच सेवक वाचतो. तो वृद्ध म्हणजे थीब्जचा राजा लायस, ओयदिपौसाचा जन्मदाता.

ही दैवाची कहाणी म्हणून सांगितली जाते. ललाटीचे टळत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. कर्मसिद्धांतात वाढलेल्या वाचकाने मात्र तिठ्यावर जरा थांबावे. कोणाला मारतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. मारतो आहोत, हे ठाऊक होते. तत्त्वार्थसूत्र हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला पुढे ठेवते, त्याचे इथे स्मरण होते. ग्रीकांची दृष्टी नेमकी हीच नव्हती. त्यांच्या लेखी सांडलेल्या रक्ताचा विटाळ हेतू पाहत नसे. म्हणूनच थीब्जमध्ये साथ पसरते. उलट, इ. स. पू. ४०१ मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या ‘कोलोनस’च्या नाटकात म्हातारा ओयदिपौस आपण अजाणता आणि स्वसंरक्षणार्थ वागलो, असा युक्तिवाद करतो. सोफोक्लीसने दोन्ही बाजू ऐकवल्या.

अथेन्समध्ये नाटकांच्या गायकवृंदाचा खर्च धनिक नागरिकांकडे असे. श्रीमंतांनी पदरमोड करून हे ऐकण्याची सोय केली होती, ही गोष्ट आपल्या समाजाने लक्षात घेण्याजोगी आहे.

व्यापारी घरांसाठी खरा भाग पुढचा. आता थीब्जचा राजा झालेला ओयदिपौस जाहीर करतो की, लायसचा मारेकरी कोणीही असो, त्याला नगराबाहेर घालवले जाईल. हळूहळू पुरावा त्याच्याकडेच वळतो. वाचलेल्या सेवकाने तेव्हा ‘लुटारूंनी मारले’ असे सांगितले होते. त्या अनेकवचनाचाच काय तो आधार उरतो. राणी जोकास्टाला सत्य आधी उमगते. ती विनवते, आता चौकशी पुरे.

पेढीच्या हिशेबातला फरक शोधतानाही ही घडी येते. मुनीमजींच्या, धाकट्या भावाच्या खात्यापर्यंत तपास कडक असतो. आपल्या अक्षरातली नोंद दिसली की दिवाळी तोंडावर आलेली असते, चहा येतो, ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे कोणी म्हणते. जोकास्टा आपल्याही घरी असते. तिचे बोलणे मायेचे असते, म्हणूनच ते ऐकावेसे वाटते.

शेवटी तोच सेवक, आता म्हातारा मेंढपाळ, समोर आणला जातो. तोही गयावया करतो, धनी, पुढचे विचारू नका. ओयदिपौस विचारतो. सारे कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो आणि अनोळखी मारेकऱ्यासाठी जाहीर केलेली शिक्षाच आपल्यासाठी मागतो: मला नगराबाहेर घालवा.