लोकांनी ठेवलेले नाव

मनुष्य जन्माला येतो तेव्हा आईबाप त्याला एक नाव देतात. तो जगू लागला की लोक दुसरे देतात. पहिले शाळेच्या दाखल्यावर आणि शिधापत्रिकेवर राहते. दुसरे बहुधा त्याच्या कानावरही येत नाही. आपले आयुष्य जगाला काय सांगत आहे, हा प्रश्न अंतर्मुख माणसाला केव्हा ना केव्हा पडतोच. परंतु त्याचे उत्तर तो स्वतःच्या अंतःकरणात शोधू लागतो आणि तेथेच त्याची फसगत होते. अंतःकरण हा आपल्याच बाजूचा साक्षीदार! उत्तर असते ते त्या दुसऱ्या नावात.

अंधेरी आणि बोरिवली यांच्या मधल्या गोरेगावात एका बाईला असे नाव मिळाले. १९२८ साली जन्मलेल्या मृणाल गोरे यांनी राष्ट्र सेवा दलाच्या ओढीने वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि केशव गोरे यांच्याशी विवाह करून गोरेगावात संसार थाटला. १९५८ साली पती निवर्तले. पदरी लहान मुलगी. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, आणि उपनगरांतील वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी जो ध्यास घेतला त्यावरून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हे नाव नीट ऐकावे. त्यात पक्ष नाही, समाजवाद नाही, ‘ताई’ म्हणण्यातला आदरही नाही. भाजीवालीला हाक मारावी तसे ते आहे. हंडे घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांना या आयुष्यातून जे प्रत्यक्ष मिळाले, तेच त्यांनी तिचे नाव केले. गोरेगावातील उड्डाणपुलाला आज मृणालताईंचे नाव आहे आणि तो मान रास्तच आहे. पण ‘पाणीवाली बाई’ हे नाव कोणत्याही ठरावाने देता आले नसते.

पुढे १९७२ च्या सुमारास अहिल्या रांगणेकर प्रभृतींसह त्यांनी महागाईविरुद्ध लाटणे मोर्चा काढला, आणीबाणीत तुरुंगवास भोगला, १९७७ साली लोकसभा गाठली, नागरी निवारा परिषदेच्या द्वारे दिंडोशीला हजारो घरे उभी केली. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही लोकांच्या तोंडी नाव होते ते पाण्याचेच.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली अर्थशास्त्रात एक कल्पना मांडली. ग्राहकाला काय आवडते हे त्याला विचारत बसू नये. तो काय विकत घेतो ते पाहावे, पसंती त्यातूनच प्रकट होते. बाजारात या कल्पनेला मर्यादा आहेत. (ज्याच्या खिशात पैसाच नाही, त्याची पसंती प्रकट व्हावी कशी?) आत्मपरीक्षणाला मात्र तिचा जितका उपयोग आहे, तितका फार थोड्या प्रवचनांचा असेल. आपण आपला वेळ, आपला संताप आणि आपली गैरसोय कशापायी खर्च करतो, एवढे महिन्याच्या हिशेबासारखे मांडून पाहिले तरी पुरे.

उपनगरांत अध्यात्माची वाण नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पारायणे आहेत, ध्यानवर्ग आहेत, आणि तेथे बसणारे श्रोते प्रामाणिक आहेत. पण याच उपनगरांतल्या काही इमारतींत घरकामाच्या बायकांसाठी लिफ्ट वेगळी असते. नळाला पाणी कमी आले की सोसायटी वर्गणी काढून टँकर मागवते, आणि पाण्याचा प्रश्न तेथे मिटतो. शेजारच्या वस्तीचा तो मिटलेला नसतो. तो आता आपला उरलेला नसतो, इतकेच. गोरेगावची शिक्षिका आणि झोपडीतली बाई एकेकाळी महापालिकेच्या एकाच दारात उभ्या राहू शकत, कारण कोरड्या नळाचे दुःख दोघींनाही ठाऊक होते. टँकरने ती सोबत मोडली. यात कोणी दुष्ट झाले नाही. मात्र त्या इमारतीने वस्तीला जे सांगायचे ते सांगून टाकले, आणि आतल्या कोणीही ते कधी उच्चारले नव्हते.

मोर्चे काढणे आम्हांला कोठले जमणार, असे शिक्षक आणि कारकून म्हणतील. म्हणणे खोटे नाही. पण नावे त्यांनाही पडतातच. मागच्या बाकावरची मुले मास्तरांना नाव ठेवतात आणि खिडकीसमोरची रांग ‘उद्या या’ म्हणणाऱ्या कारकुनाला. ही नावे पुष्कळदा अन्यायाची असतात. तरीही निवृत्तीच्या दिवशी होणाऱ्या भाषणांपेक्षा त्यांत सत्याचा अंश अधिक सापडतो.

पाण्याचे काम संपलेले नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, झोपडी अनधिकृत आहे म्हणून तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ साली महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. पण धोरण आणि नळ यांच्या मधे अर्ज असतो, कागदपत्रे असतात, विभाग कार्यालयातल्या खेपा असतात. वस्तीतल्या बाईचा रोज बुडतो तो तेथे. अंधेरीच्या किंवा घाटकोपरच्या सोसायटीतला एखादा निवृत्त कारकून आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्यासाठी काढू शकेल. मसुदा, जावक क्रमांक आणि स्मरणपत्र यांत त्याची सारी हयात गेलेली असते.