काटकसरीचे लंडन

परदेशप्रवास ही मराठी मध्यमवर्गीय घरांत दीर्घकाळ केवळ ऐकण्या-वाचण्याची गोष्ट होती. कुणी शिक्षणासाठी, कुणी नोकरीनिमित्त विलायतेस जाई आणि मागे राहिलेली मंडळी त्यांची पत्रे व प्रवासवर्णने वाचून समाधान मानीत. आज चित्र पालटले आहे. बंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर हा बदल विशेष जाणवतो. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून लंडनला थेट विमाने जातात आणि इमारतीतील एखादे तरी कुटुंब तेथे जाऊन आलेले असते. परकीय चलनाची पूर्वीची चणचणही उरलेली नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना सुरू केली, तेव्हा तिची मर्यादा २५,००० डॉलर होती. आता ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे. दार उघडले आहे. त्यातून आत कसे जावे, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

या प्रश्नाचे सध्याचे लोकप्रिय उत्तर ‘आधी जाऊन या, मग फेडा’ असे आहे. सहलीच्या जाहिरातींत रकमेपेक्षा मासिक हप्त्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. कमी खर्चात जाणे म्हणजे काहीतरी कमी पाहणे, असा समजही त्यामागे असतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे; कारण युरोपातील ज्या राजधानीचे आपल्याकडे सर्वाधिक आकर्षण आहे, ते लंडन शहर काटकसरी प्रवाशालाच अधिक उदारपणे भेटते.

आधी साठवण, मग उड्डाण

कर्ज देणे हा बँकेचा व्यवसाय आहे. घर, शिक्षण, उद्योग यांसाठी घेतलेले कर्ज माणसाला उभे करते. परंतु आठ दिवसांच्या आनंदासाठी तीन वर्षे हप्ते भरणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार ग्राहकाने स्वतः कागद-पेन्सिल घेऊन करावयास हवा.

उदाहरणादाखल एका व्यक्तीसाठी २,१६,००० रुपयांचा बेत धरू. ही रक्कम वार्षिक १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ७,१७४ रुपये येतो आणि मुदतीअखेर ४२,००० रुपयांहून अधिक व्याज भरलेले असते. याउलट दरमहा ६,००० रुपये तीन वर्षे आवर्ती ठेवीत भरले, तर तेवढीच मुद्दल जमते आणि वार्षिक ६ टक्के दर धरला तरी सुमारे २१,००० रुपये व्याज पदरात पडते. दोन वाटांमधील अंतर सुमारे ६३,००० रुपयांचे आहे. एवढ्या रकमेत साध्या राहणीचे लंडनमधील कितीतरी दिवस निघतात. वाट पाहण्याची तयारी हीच येथे खरी कमाई आहे.

साठवणीचा आणखी एक लाभ फारसा कुणी लक्षात घेत नाही. प्रवेशपरवान्यासाठी, म्हणजे व्हिसासाठी, अर्ज करताना बँकेचा खातेउतारा जोडावा लागतो. अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून उसनी रक्कम आणून खाते फुगवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. परंतु उतारा तपासणारा अधिकारी केवळ अखेरची शिल्लक पाहत नाही. पैसा कोठून व कसा आला हेही पाहतो. अचानक आलेली मोठी रक्कम अर्जदाराची पत वाढवण्याऐवजी संशय वाढवते. महिन्यामागून महिना जमत गेलेली छोटी शिल्लक मात्र आपली साक्ष आपणच देते.

विनामूल्य, पण फुकट नव्हे

लंडनमध्ये पाहण्यासारखे जे सर्वोत्तम आहे, त्यातील बरेचसे विनामूल्य आहे. ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ साली संसदेच्या कायद्याने झाली आणि १७५९ साली ते लोकांसाठी खुले झाले. ज्ञान हे सार्वजनिक धन आहे, या भूमिकेतून तेथे प्रवेशमूल्य ठेवले गेले नाही. १९८०च्या दशकापासून काही राष्ट्रीय संग्रहालयांनी शुल्क आकारणे सुरू केले होते. परंतु डिसेंबर २००१ पासून त्यांचेही कायमस्वरूपी संग्रह पुन्हा सर्वांना विनामूल्य पाहता येऊ लागले. ट्रॅफल्गार चौकातील नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, नैसर्गिक इतिहासाचे संग्रहालय व विज्ञान संग्रहालय ही आज विनामूल्य पाहता येणाऱ्या संग्रहालयांपैकी काही. केवळ विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. संसदेत कामकाज चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून वादविवाद ऐकण्यासही पैसे पडत नाहीत. वेस्टमिन्स्टर ॲबी व सेंट पॉल कॅथीड्रल येथे पर्यटकाला तिकीट काढावे लागते, परंतु सायंप्रार्थनेला येणाऱ्यांकडून पैसे घेतले जात नाहीत.

या सोयीचा खरा अर्थ लक्षात घ्यावयास हवा. जे विनामूल्य आहे, त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असतेच. तेथील करदाता ती मोजतो, दाते ती मोजतात. म्हणूनच दाराशी ठेवलेल्या दानपेटीत यथाशक्ती दोन-चार पौंड टाकणे हा काटकसरी प्रवाशाचाही शिष्टाचार ठरतो. काटकसर आणि फुकटेपणा यांतील सीमारेषा तेथेच आहे.

बंगळुरूच्या प्रवाशाला तर या संग्रहालयांत आपलाच इतिहास भेटतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा सुप्रसिद्ध लाकडी वाघ आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यानंतर तो इंग्रजांच्या हाती लागला व लंडनला नेण्यात आला. ज्याने बंगळुरूच्या किल्ल्याजवळील टिपूचा उन्हाळी महाल पाहिला आहे, त्याला या वाघासमोर उभे राहिल्यावर केवळ कुतूहल वाटणार नाही. ही वस्तू येथे कशी आली आणि ती कोठे असावयास हवी, हा प्रश्नही त्याच्या मनात उभा राहील. असा प्रश्न पडण्यासाठी वस्तूसमोर निवांत उभे राहावे लागते. बसमधून उतरून वीस मिनिटांत परतणाऱ्या घाईच्या सहलीत ती निवांतता मिळत नाही. स्वतःच्या पायांनी हिंडणाऱ्याला ती आपसूक मिळते.

एका काटकसरी विद्यार्थ्याचे शहर

मराठी माणसाने लंडनमध्ये एक पत्ता अवश्य शोधावा : १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. तेथून जवळच प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून सारे शहर दिसते, आणि त्यासाठी उंच मनोऱ्याचे तिकीट काढावे लागत नाही.

बाबासाहेबांचे लंडनमधील शिक्षण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अर्धवट राहिले होते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून वाचवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. अत्यंत काटकसरीने राहून, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवसचे दिवस अभ्यास करून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सिद्ध केला. तो १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतीय चलनाचा हा मूलगामी विचार एका अर्धपोटी विद्यार्थ्याने विनामूल्य वाचनालयात बसून केला, ही गोष्ट बँकेशी नाते असलेल्या प्रत्येकाने स्मरणात ठेवण्यासारखी आहे. त्यांनीही कर्ज घेतले होते. पण ते विद्येसाठी. कर्ज कशासाठी घ्यावे, याचा याहून स्पष्ट धडा दुसरा नाही.

कर्नाटकाशी नाते सांगणारे आणखी एक स्थळ थेम्स नदीच्या काठी आहे. महात्मा बसवेश्वरांचा अर्धपुतळा अल्बर्ट एम्बँकमेंटवर उभारलेला असून त्याचे अनावरणही १४ नोव्हेंबर २०१५ रोजीच झाले. नदीच्या पैलतीरी ब्रिटिश संसदेची इमारत आहे. श्रमाला ‘कायक’ म्हणून पूजेचे स्थान देणाऱ्या या बाराव्या शतकातील विचारवंतासमोर दोन क्षण थांबण्यास कोणतेही शुल्क लागत नाही.

खर्च कोठे वाचतो, कोठे गळतो

लंडन महाग आहे, हे खरेच. परंतु ते सर्वत्र सारखे महाग नाही. निवासासाठी युवा वसतिगृहे आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या संस्था उन्हाळी सुट्टीत आपल्या विद्यार्थी वसतिगृहांतील खोल्या प्रवाशांना देतात. फिट्झरॉय चौकातील इंडियन वायएमसीएमध्ये निवासाबरोबर भारतीय भोजनाचीही सोय आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असल्याने बाटली सोबत बाळगली की रोजचा एक खर्च टळतो. शहरातील लाल बसचे भाडे एकदा दिले की पुढील तासाभरात कितीही बस बदलता येतात, आणि दिवसभरात आकारल्या जाणाऱ्या भाड्याला कमाल मर्यादाही आहे. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर वेगळ्या दर्शन-बसची गरजच उरत नाही.

पैसा खरा गळतो तो चलनाच्या व्यवहारात. परदेशी दुकानात कार्ड पुढे केले की ‘रुपयांत द्यायचे की पौंडांत?’ असा पर्याय यंत्रावर दिसतो. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो. परंतु त्यात विनिमयाचा दर दुकानदाराकडील यंत्रणा ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो. नेहमी पौंड निवडावेत. आपल्या कार्डावर परकीय व्यवहारासाठी किती आकार लागतो, हे निघण्यापूर्वी शाखेत विचारून घ्यावे. नोटांच्या रूपात एका प्रवासासाठी सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतचेच चलन मिळते. उर्वरित रक्कम प्रवासी कार्डावर घेता येते. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेत द्यावे; २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते. परदेश सहलीच्या रकमेवर उगमस्थानी होणारे करसंकलन हा वाया गेलेला पैसा नव्हे. आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते. त्याचे दर व मर्यादा अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने प्रत्येक वेळी नव्याने चौकशी करणे श्रेयस्कर.

काटकसरीलाही मर्यादा असावी. प्रवास विमा आणि नियमित औषधे यांत हात आखडता घेऊ नये. कारण तेथील रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आल्यास खर्च पर्यटकालाच सोसावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांना, किंवा प्रथमच परदेशी जाणाऱ्या व भाषेची धास्ती वाटणाऱ्या व्यक्तींना आयोजित सहलीचा आधार मोलाचा असतो, हेही मान्य करावयास हवे. आक्षेप आयोजित सहलीवर नाही. आपल्या ऐपतीबाहेरची सहल ऐपतीतली आहे असे भासवणाऱ्या हप्त्यावर तो आहे.

पूर्वाभ्यास आपल्याच राजधानीत

शहर कसे पाहावे, हे शिकण्यासाठी थेट लंडन गाठण्याची आवश्यकता नाही. बंगळुरू हीदेखील एका राज्याची राजधानी आहे, आणि तीन वर्षे पैसे साठवण्याच्या काळात ती पाहून होण्यासारखी आहे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत असलेल्या या नगरीत मराठी माणसाने तरी परक्यासारखे राहू नये. बीएमटीसीचा दैनिक पास काढावा आणि एखाद्या रविवारी लालबाग, टिपूचा महाल, कस्तुरबा रस्त्यावरील १८६५ साली स्थापन झालेले सरकारी वस्तुसंग्रहालय व शेजारचे विश्वेश्वरय्या विज्ञान संग्रहालय पाहावे. येथील अनेक रहिवाशांनी वर्षानुवर्षे राहूनही यांपैकी एकाचीही पायरी चढलेली नसते.

लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ साली झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आदर्श त्यामागे होता. तो मूळ क्रिस्टल पॅलेस १९३६ साली आगीत भस्मसात झाला. आज लंडनला जाऊनही तो पाहता येत नाही. त्याचा बंगळुरूतील वारस मात्र उभा आहे, आणि वर्षातून दोनदा तेथे पुष्पप्रदर्शन भरते.

लंडन अवश्य पाहावे. सामान्य पगारदारालाही ते साध्य आहे. मात्र जाताना स्वतःच्या साठवणीचा पैसा आणि स्वतःचे चालते पाय सोबत असावेत. असा प्रवासी परतल्यावर त्याच्यामागे फक्त आठवणी येतात. हप्ते येत नाहीत.