चाळीस गुणांचा भूगोल

मार्च 2020 मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. टाळेबंदीमुळे तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. मुलांना सरासरीने गुण मिळाले आणि कुणाचं काही अडलं नाही. विषयच चाळीस गुणांचा! त्याच दिवसांत लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. जिल्ह्यांच्या सीमा बंद, हंगाम संपलेला, कोपीत दाणे नाहीत. एप्रिलच्या मध्याला सरकारी परवानगी मिळाली तेव्हा कुठे ते गावाकडे निघाले. ही माणसं दर वर्षी घरदार सोडून एवढ्या लांब का जातात, हा प्रश्न भूगोलाच्या पेपरात कधी विचारला जात नाही.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग आम्ही म्हणूनच भूगोलाला दिला. पाणीटंचाई, हवामानबदल, स्थलांतर यांवर भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा सुटंसुटं. ते एका नकाशावर ठेवून पाहावं, एवढीच लेखकांना विनंती होती.

उसापुरतं पाहू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पसरणी घाट उतरून वाईला या, तो सातशेच्या आसपास येतो. ही पर्जन्यछाया पुढे थेट बालाघाटाच्या डोंगररांगेपर्यंत पसरली आहे. बीड जिल्ह्यातले पाटोदा, शिरूर कासार, धारूर: बरड जमीन, खाली काळा पाषाण, एक खरीप निघाला तर निघाला. सोलापूरचा पाऊसही असाच बेताचा. तरीही राज्यात सर्वाधिक साखर कारखाने सोलापूर जिल्ह्यात आहेत, कारण तिथे उजनीचं पाणी आलं. पर्जन्यछाया सह्याद्रीने दिली. तिच्यात ऊस कुठे लावायचा आणि तो तोडायला माणसं कुठून आणायची, हे मुंबईत आणि कारखान्यांच्या संचालक मंडळांत ठरलं. दुष्काळाला निसर्गाचा कोप म्हणणं सोयीचं पडतं, ते याचमुळे. राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी जागेवरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी पितो, असं केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवलं होतं.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतील. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला, आणि फिटेपर्यंत राबायचं तेही जोडीनेच. पहाटे फडात, रात्री-अपरात्री गाडी भरायला. खाडा झाला की दंड. तळावर ना संडास, ना धड पाणी. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईला ‘पिशवी काढून टाक’ असा सल्ला मिळतो, आणि ती तो ऐकते, कारण खाडा परवडत नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात सरकारने पाहणी केली तेव्हा गर्भाशय काढलेल्या तेरा हजारांहून अधिक बायका आढळल्या. पावसाच्या नकाशापासून इथवर यायला फार पायऱ्या लागत नाहीत.

दहावीचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. उसाचे जगातले हेच दोन सर्वांत मोठे उत्पादक. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्येकडूनही माणसं साओ पाउलोच्या फडांत तोडीला जात. तिथल्या मुकादमाला बोलीत ‘मांजर’ म्हणतात (आपल्याकडे याहून वाईट शब्द आहेत, ते छापता येत नाहीत). 2002 च्या कायद्याने साओ पाउलोत तोडीआधी फड पेटवणं टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. हवा सुधारावी हा हेतू उत्तमच. पण न जाळलेला ऊस हाताने तोडणं मालकाला परवडेना, म्हणून यंत्रं आली आणि लाखभर हातांचं काम गेलं. धुराचा प्रश्न सुटला, तो पोटाच्या प्रश्नात जाऊन. ऊसतोडणी यंत्रं आता आपल्या शिवारातही फिरू लागली आहेत. कोयता सुटावा असं आम्हालाही वाटतं. सुटल्यावर पाटोद्याच्या बरड रानात काय पिकवायचं, याचा विचार मात्र यंत्राच्या अनुदानाच्या कागदात नसतो.

यंदाचे लेख गोड नाहीत, याची कल्पना आहे. ते फराळासोबत वाचायचे असतील, तर एक किलो साखरेमागे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं, हेही तोंडी लावायला असू द्या. आणि हो, मलपृष्ठावर एका साखर कारखान्याच्या शुभेच्छा आहेत. दिवाळी अंक जाहिरातींवर निघतात, हाही निघाला. लेख छपाईला गेल्यावरच ती जाहिरात आली. पुढच्या वर्षी येईल की नाही, ते कळेलच.